रुमालाखालचा भाव : परदेशी मराठी घरांतल्या मायेवर एक संवाद

परदेशात वाढलेली मराठी मुले आणि त्यांचे आई-वडील यांच्यात एक वाद बराच जुना आहे. मुलांचे म्हणणे असे की घरात प्रेम कोणी बोलून दाखवत नाही. शाळेतल्या मैत्रिणीची आई फोन ठेवताना 'आय लव्ह यू' म्हणते. आपली आई 'जेवलीस का' विचारते आणि बाबा तर फोन सरळ आईच्या हातात देतात. आई-वडिलांना या तक्रारीचा अर्थच लागत नाही. गाव सोडले, बर्फात गाड्या हाकल्या, मुलांच्या कॉलेजसाठी पै-पै साठवली, ती कोणासाठी, असा त्यांचा उलट सवाल असतो. अमेरिकेतल्या चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी घरांतही हाच वाद थोड्याफार फरकाने चालतो, त्यामुळे तो एकट्या मराठी स्वभावावर ढकलून मोकळे होता येत नाही.

अमेरिकेत मराठी वस्ती वाढली ती १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर. देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत त्या कायद्याने मोडली आणि डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक तिकडे जाऊ लागले. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झाले. नव्वदीनंतर संगणक क्षेत्रातली दुसरी लाट गेली, तिच्यात नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुलेही होती. त्यांच्या घरची एक बाजू न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये असते, दुसरी नागपुरात.

पुढच्या संवादात त्या दोन्ही बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. काका कळमन्याचे. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार तिथे आहे. धान्य, मिरची, कांदे-बटाटे आणि हंगामात संत्री तिथे उतरतात. काकांची तिथे अडत आहे. पुतणी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी, न्यू जर्सीत जन्मलेली, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली.

काका : तू म्हणून राहिली की दादा तुझ्याशी कधी मायेनं बोलला नाही. मग मला सांग, तुझ्या कॉलेजची फी कोणी भरली? थंडीत पहाटे उठून तुला पोहण्याच्या क्लासला कोण नेत होतं?

पुतणी : बाबाच. ते मी नाकारत नाही, काका. पण गाडीत आम्ही दोघंच असायचो आणि बोलणं व्हायचं ते गणिताच्या मार्कांचं.

काका : ज्याची काळजी, त्याचंच बोलणं. त्यात चुकलं काय?

पुतणी : काळजी होती हे कळायचं. पण मार्क कमी पडले असते, तरी मी त्यांना तितकीच हवी असते का, हे कळायचं नाही. विचारायचीही सोय नव्हती.

तक्रारीचा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे. आई-वडील जे करतात ते मुलांना दिसते, पण ते कशाच्या बदल्यात केले जाते आहे की कशाच्याही बदल्यात नाही, हे करण्यातून आपोआप उमगत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे दोन अंगांनी पाहिले आहे. रूथ चाओ यांनी १९९४मध्ये चिनी मातांविषयी लिहिताना दाखवले की पाश्चात्त्य मोजपट्टीवर 'कडक' ठरणारी आई प्रत्यक्षात मुलाच्या शिक्षणात आकंठ बुडालेली असते. तिची शिस्त हाच तिच्या जिव्हाळ्याचा आकार असतो. कॅरन पाइक यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कोरियन आणि व्हिएतनामी स्थलांतरितांच्या ७३ सज्ञान मुलांच्या मुलाखती घेतल्या. दूरचित्रवाणीवरच्या अमेरिकी कुटुंबाशी ही मुले आपले घर ताडून पाहत होती आणि आपले आई-वडील त्यांना कोरडे, दूरचे वाटत होते. मात्र म्हातारपणी आई-वडिलांना कोण सांभाळणार, असा प्रश्न आला की हीच मुले आपल्या घराची रीत अमेरिकी रीतीपेक्षा सरस मानत होती. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर काका आणि पुतणी दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

काका : आमच्या धंद्यातली एक जुनी रीत सांगतो. पूर्वी बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली घेणारा आणि विकणारा एकमेकांची बोटं दाबत. बाजूला उभ्या माणसाला काही समजत नसे, पण सौदा पक्का होई. आमच्या घरची माया तशी होती. बोलली नाही म्हणून भाव ठरलाच नाही, असं थोडीच आहे?

पुतणी : ठरला असेल. पण दोघांनाही बोटांची खूण माहीत असायची ना? मी तिकडे जन्मले. ती खूण मला कोणी शिकवलीच नाही. आणि काका, ती रीत बंद कशामुळे झाली?

काका : कायदा आला. शेतकरी नाडला जायचा. म्हणून लिलाव उघड झाला.

काकांची उपमा त्यांच्यावरच उलटते, ते बाजूला ठेवू. तिच्यातून निघणारा प्रश्न महत्त्वाचा आहे : ही खूण मराठी घरात कोण शिकवत असे? याचे उत्तर एकत्र कुटुंबाच्या रचनेत सापडते.

चार भावांच्या एका घरात बापाने सगळ्यांदेखत आपल्याच मुलाला उचलून कुरवाळणे वाईट दिसे. भावाचे लेकरू शेजारी उभे असताना आपल्याच लेकराचे लाड करणे म्हणजे आपपरभाव. वडीलधाऱ्यांसमोर तर ते बेअदबीचेच. सुधीर कक्कर यांनी १९७८च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय बापाच्या या आखडलेपणाचा उलगडा असाच केला आहे : बापाच्या मनात माया कमी नव्हती, पण तिच्यावर घराची नजर होती. दुसरे कारण दृष्ट लागण्याच्या भीतीचे. मार्गरेट ट्रॅविक यांनी तमिळ घरात राहून १९९०मध्ये लिहिलेल्या पुस्तकात नोंदले आहे की आईचे प्रेम जितके मोठे, तितके ते झाकून ठेवायचे, कारण आईचीही नजर लेकराला बाधू शकते. मीठ-मोहरी ओवाळणाऱ्या मराठी घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अंगाने भरलेल्या पोराला 'किती वाळलास' म्हणण्यामागे तीच धास्ती असते.

तरी त्या घरातले मूल मायेविना वाढत नव्हते. बाप बोलत नसे, पण बापाविषयी बोलणारी पाच माणसे घरात होती. आजी सांगे, 'काल तुला ताप होता तर तो रात्रभर ओसरीवर फेऱ्या मारत होता.' आत्या सांगे, 'तुझा पहिला नंबर आल्याचं त्यानं अख्ख्या गल्लीत सांगितलं.' माया एकाने करायची आणि दुसऱ्याने पोचवायची, अशी ती व्यवस्था होती. घर मुके वाटे ते बाहेरच्याला. आतल्या मुलाच्या कानावर दिवसभर निरोप पडत असत. परदेशात गेलेल्या जोडप्याने बापाचा अबोलपणा बरोबर नेला आणि निरोप पोचवणारी माणसे मागे ठेवली. तिकडे जे बिघडले ते याच टप्प्यावर बिघडले. संस्कृतीचा थंडपणा, पौर्वात्य-पाश्चात्त्य वगैरे मोठमोठी कारणे त्यामानाने दुय्यम आहेत.

पुतणी : बाबा तुम्हाला फोन करतात तेव्हा काय बोलतात?

काका : रोज सकाळी सातला, लिलावाच्या आधी. तुमच्याकडे थंडीत तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. काय बोलतात म्हणजे? भाव विचारतो. मग तुझंच. तू डॉक्टरकीला लागली तेव्हा एक तास बोलला. शेवटी बोलता येईना त्याला. माझ्यापुढे रडला दादा.

पुतणी : मला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, होस्टेलचं भाडं किती.

काका : अगं, तो तसाच आहे.

पुतणी : तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही मला आज सांगताय. सात वर्षांनी.

काका : ...कोणी विचारलंच नाही.

अमेरिकेत निरोप्याची ही जागा थोड्या काळापुरती भरून निघते, ती आजी-आजोबा भेटीला जातात तेव्हा. पण पाहुणा म्हणून गेलेल्या पालकांना तिथे एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते. त्यात सुरुवातीचे दिवस थंडी आणि झोपेचे वेळापत्रक जमण्यात जातात, शेवटचे बॅगा भरण्यात. नातवंडाला आजीची भाषा कळू लागते न लागते, तोवर परतीचे तिकीट येते. अमेरिकी नागरिक झालेला एकवीस वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांना कायमचे बोलावू शकते, पण कळमन्यातला धंदा, शेजार आणि रोजचे बोलणे सोडून तिकडच्या बंद घरात बसायला फार थोडे म्हातारे राजी होतात. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातले नाना-नानी मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहेत. त्यांचाही एक मुलगा अमेरिकेत असतो. नाटकाने मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा एकटेपणा दाखवला. त्याच दुराव्याने तिकडच्या नातवंडांचे काय हरवले, हा प्रश्न मराठी लेखनात त्या मानाने उशिरा आला.

वस्तूंतून माया पोचवण्याचा मार्गही तिकडे अडतो. नागपूरकर माणूस पाहुण्याला हंगामात संत्र्यांची पेटी देतो, आणि त्या पेटीत बरेच काही सांगून झालेले असते. ताजी लिंबूवर्गीय फळे प्रवाशाच्या सामानातून अमेरिकेत नेता येत नाहीत. विमानतळावरच ती काढून घेतात. म्हणून संत्रा बर्फी जाते, लोणचे जाते, सावजी मसाला जातो.

काका : मी तुझ्यासाठी दरवेळी बर्फी पाठवतो. ते काय आहे मग?

पुतणी : मला माहीत आहे ते काय आहे. पण माझ्या भावाला नाही माहीत. त्याला वाटतं, नागपूरचे लोक गोड फार खातात.

मराठी घर प्रेम उघड दाखवतच नव्हते, हे पुतणीचे म्हणणेही पुरते खरे नाही. वाढदिवसाचे औक्षण, भाऊबीज, पाडव्याचे ओवाळणे या सगळ्या चारचौघांत, दिवा लावून केलेल्या मायेच्या गोष्टी आहेत. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा लेकरांचा सण. मुले लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि प्रत्येक घरातून त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. त्या दिवशी सगळा मोहल्ला कुणाच्याही लेकराचे कौतुक करतो आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. म्हणजे उघडपणाला मज्जाव नव्हता, त्याला दिवस आणि रीत नेमून दिलेली होती. परदेशातल्या मंडळांच्या सभागृहांत गणपती आणि दिवाळी थाटात होते. पण दारोदार फिरण्यासाठी दारे लागतात, ती सभागृहात कुठून आणणार?

काका : बरं, 'श्यामची आई' तर तू वाचली असशील. मराठी शाळेत शिकवतात ना? ती माउली पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. तिनं कधी 'आय लव्ह यू' म्हटलं का? आणि अख्खा महाराष्ट्र तिच्यापायी रडला.

पुतणी : वाचलंय. पण ती नुसतं मारून थांबत नाही. आपल्या पोराला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं, हे ती त्याला समजावते. तुमच्या पुराव्यातली आई बोलणारी आहे, काका.

इथे पुतणीचा मुद्दा वजनदार आहे. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे मुक्या मायेचा पुरावा, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात त्यातली आई जवळजवळ प्रत्येक प्रसंगानंतर मुलाशी बोलते. पुस्तकाची मांडणी मात्र काकांच्या बाजूची आहे : श्याम हे सगळे आईला सांगत नाही, आई गेल्यानंतर आश्रमातल्या मित्रांना रात्री रात्री सांगतो. प्रेम तिसऱ्याच माणसाला सांगायचे, ही सवय इतकी खोल आहे.

अंतरामुळे मात्र ही सवय मोडू शकते, याचा दाखला अमेरिकेत गेलेल्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी एकीच्या पत्रांत आहे. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. या काळात पती गोपाळरावांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता, आणि काशीबाई कानिटकरांनी १८८९मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे त्यातले बरेच मराठी वाचकांसमोर आले.

काका : नवव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीला शिकवलं, सगळ्या समाजाशी भांडून एकटीला सातासमुद्रापार पाठवलं. गोपाळराव प्रेम बोलून दाखवणारे नव्हते. पण करून दाखवलं की नाही?

पुतणी : आणि मारलंही. शिकवताना दिलेल्या माराचा उल्लेख तिनं अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात केलाय. त्याच माणसाविषयी तिला आदर होता, कृतज्ञता होती, तेही लिहिलंय. घरात असती तर यातलं एकही बोलली नसती.

काका : म्हणजे तुझं म्हणणं, प्रेम बोलायचं तर रागही बोलावा लागतो?

पुतणी : हो. बहुतेक आपल्या घरांना त्याचीच भीती आहे.

'करून दाखवले' या मापाने गोपाळराव मोठे ठरतात हे खरे. पण त्या मापात मारही बसून जातो, आणि त्याचा हिशेब मागायला जागा उरत नाही. मुक्या मायेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या अडचणीला उत्तर दिलेले नाही, आणि ते देता येईल असे दिसतही नाही.

पण अमेरिकी रीत सनातन आणि निसर्गदत्त आहे, असा समज मुलांनीही करून घेऊ नये. १९२८मध्ये जॉन वॉटसन या नामांकित अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलांना मिठी मारू नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता, आणि सुशिक्षित अमेरिकी आया तो वाचत होत्या. १९४६मध्ये डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक आले तेव्हा वारे फिरले. १९५८मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले : पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या आईपेक्षा मऊ कापडाच्या आईला बिलगून राहत. तात्पर्य, पुतणीच्या मैत्रिणीची पणजी आपल्या मुलाशी कदाचित दादांपेक्षाही कोरडी वागली असेल. तिकडची घरे दोन-तीन पिढ्यांत बदलली. मराठी घरे बदलायला कोणाच्या बापाची हरकत असायचे कारण नाही.

नवरा-बायकोच्या प्रेमाचा प्रश्न निराळा आहे आणि त्यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहतात. रमाबाई रानड्यांच्या १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पतीने रात्री शिकवण्याचे आणि त्यावरून घरातल्या बायकांच्या टोमण्यांचे जे चित्र आहे, ते आज फारसे दिसत नाही. तरी चारचौघांत बायकोचा हात धरणे काकांना पटत नाही, आणि त्यात काय बिघडते हे पुतणीला पटत नाही. या मुद्द्यावर तडजोड व्हायलाच हवी असेही नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र संवाद एका जागी येऊन थांबतो.

काका : मग दादानं काय करावं, सांग. आता साठीत त्याला गळ्यात पडायला सांगू का?

पुतणी : गळ्यात पडू नका म्हणावं. तुम्हाला सकाळी सात वाजता जे सांगतात, ते साडेआठ वाजता खालच्या खोलीत येऊन मला सांगा म्हणावं. मराठीतच. तेवढंच.

काका : आणि त्याला जमलं नाही तर?

पुतणी : तर तुम्ही सांगा. सात वर्षं थांबू नका.

पुतणीची मागणी वाजवी आहे. ती बापाचा स्वभाव बदलायला सांगत नाही. निरोप ज्याच्याविषयी आहे त्याच्यापर्यंत पोचवायला सांगते. पुढाकार मुलांनी घ्यावा असे काही पालक म्हणतात, ते न्यायाला धरून नाही, कारण जुन्या घराची खूण ज्यांना येते त्यांनीच ती उलगडून सांगायची असते. आणि बापाला ते खरोखरच जमत नसेल, तर नागपूरच्या काका-आत्यांनी फोनवर भाचरा-पुतण्यांशी स्वतः बोलावे. ते काम त्यांचेच होते आणि अजूनही आहे.